घरातला बॉयलर कायद्याने बॉयलर नाही. म्हणून त्याला कोणी बघायचंच नाही का?

दसरा तोंडावर आलाय. आता रोज व्हॉट्सअॅपवर एकाच छापाच्या बातम्या येऊन पडतील. अमुक सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ उत्साहात संपन्न. पूजेला संचालक सपत्नीक, मागे फेटे बांधलेली मंडळी, भाषणात यंदाच्या गळिताचं उद्दिष्ट आणि उसाच्या दराला बगल.

पूजेला हसायचं कारण नाही. कारण त्या पूजेच्या आधी जे झालेलं असतं ते फोटोत येत नाही. हंगाम संपल्यावर तो अजस्र बॉयलर उघडलेला असतो. आतल्या नळ्यांवरचा क्षार खरवडलेला असतो. सेफ्टी व्हॉल्व्ह तपासलेले असतात. सरकारच्या बाष्पके संचालनालयाच्या तपासणीतून तो गेलेला असतो आणि त्याला साधारण वर्षभराचं सर्टिफिकेट मिळालेलं असतं. तो चालवायलाही परीक्षा पास झालेला बॉयलर अटेंडंट लागतो, चेअरमनच्या भाच्याला उभं करून चालत नाही. हे सगळं आपोआप आलेलं नाही. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, त्यानंतर तिथे तपासणीचा कायदा आला. मग 1923 मध्ये देशभराचा बॉयलर कायदा आला. आता 2025 मध्ये तो नव्याने लिहिला गेलाय.

आता आपल्या घरातल्या बॉयलरकडे या. बाथरूमच्या भिंतीवरची ती पांढरी टाकी. आपल्या बार्शीत बऱ्याच घरांत तिला बॉयलरच म्हणतात. "बॉयलर लावलाय का गं?" ही हाक थंडीत गल्लोगल्ली ऐकू येते. पण कायदा तिला बॉयलर म्हणत नाही. 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं कायद्यातून वगळलंय. आणि ज्यात पाणी 100 अंशांच्या खालीच तापतं तेही वगळलंय, मग ते कितीही मोठं असो.

वगळणं बरोबरच आहे. घरोघरी बॉयलर इन्स्पेक्टर पाठवा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण थोडा विचार करा. घरच्या टाकीतलं पाणी 100 अंशांच्या खाली कोण ठेवतं? आत एक बोटभर थर्मोस्टॅट असतो, तो. तो अडकला तर दुसरा राखणदार म्हणजे कटआऊट. आणि दोन्ही गेले तर आतला दाब बाहेर सोडायला सेफ्टी व्हॉल्व्ह. या तीन वस्तूंच्या भरवशावर कायद्याने आपल्याला मोकळं सोडलंय. आणि या तीनही वस्तू गिझर बसवल्यापासून आपण कधी उघडून पाहिलेल्या नसतात.

गेल्या पंधरवड्यात मी गावातल्या पाच-सहा फिटर आणि प्लंबर मंडळींशी बोललो. त्यातल्या एकाने सांगितलेलं तसंच लिहितो. "साहेब, लोकं सर्व्हिसिंगला बोलवतच नाहीत. पाणी तापायचं बंद झालं की बोलवतात. मग म्हणतात, पार्ट नको, जुगाड करून दे, आज पाहुणे आलेत." जुगाड म्हणजे काय? थर्मोस्टॅट वारंवार ट्रिप होतोय, मग तो 'डायरेक्ट' करायचा. वायर सरळ जोडून टाकायची. पाणी मस्त कडक तापतं, मालक खूश. दुसरा प्रकार त्याहून वाईट. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळतं म्हणून तिथे बूच मारायचं. पाणी तापताना फुगतं आणि ते थोडं गळणं हेच त्या व्हॉल्व्हचं काम आहे, हे सांगितलं तर लोकांना फिटर टाळाटाळ करतोय असं वाटतं. डायरेक्ट केलेला थर्मोस्टॅट आणि बूच मारलेला व्हॉल्व्ह एकाच टाकीवर आले की ती टाकी खऱ्या अर्थाने बॉयलर होते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. ती जागा ती घेतेच, मध्ये भिंत असो की माणूस.

त्यात आपलं पाणी. बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला आतून पांढरी पुटं चढतात ती रोज दिसतात. गिझरच्या कॉइलवर तीच पुटं चढतात, फक्त दिसत नाहीत. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल स्वतःच तापत राहते, शेवटी तडकते. तडकली की करंट पाण्यात उतरायची वाट मोकळी. अर्थिंग चांगलं असेल आणि बोर्डात आरसीसीबी असेल तर लाईट जाते आणि माणूस वाचतो. अर्थिंग नावालाच असेल तर? आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि घाईत उभ्या राहिलेल्या नव्या बिल्डिंगांतही तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या पिनेच्या मागे वायरच नसते. आरसीसीबीवर एक छोटं टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं असतं, दाबलं की लाईट गेली पाहिजे. मी ओळखीच्या आठ-दहा घरांत विचारलं. दोघांना ते बटण आहे हे माहीत होतं. एकाने आजवर दाबलं होतं.

टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. आपल्या पाण्यात ती लवकर संपते आणि मग टाकीची पाळी येते. वर्ष-दीड वर्षाला ती बघायची असते. पाच वर्षांनी टाकी गळायला लागली की आपण म्हणतो, कंपनीने फसवलं.

पण आज लिहायला बसलो ते खरं तर विजेच्या गिझरसाठी नाही. तो निदान झटका देतो, आवाज करतो, फ्यूज उडवतो. गॅस गिझर काहीच सांगत नाही.

दर हिवाळ्यात राज्यात कुठून ना कुठून दोन ओळींची बातमी येते. "बाथरूममध्ये भोवळ येऊन तरुणीचा मृत्यू." "आंघोळीस गेलेला विद्यार्थी मृतावस्थेत आढळला." पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद. दोन दिवस लोक हार्ट अटॅकची चर्चा करतात, आजकाल तरुण पोरांनाही कसा येतो बघा म्हणतात. मग कोणीतरी सांगतं, बाथरूममध्ये गॅस गिझर होता. तोपर्यंत बातमी शिळी झालेली असते. अकस्मात मृत्यू या शब्दावर माझा राग आहे. जो गिझर तीन वर्षं उघडलेला नाही, जो हवा नसलेल्या खोलीत लावलाय, त्याच्याखाली माणूस गेला तर त्यात अकस्मात काय आहे?

हे होतं कसं ते सांगतो, कारण बहुतेकांचा समज असा की गॅस लीक होतो. लीक झालेल्या सिलिंडरच्या गॅसला वास असतो, तो मुद्दाम घातलेला असतो. इथे गॅस लीक होत नाही. गॅस जळतो, पण अर्धवट. एक किलो गॅस नीट जळायला साधारण 12-13 घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. आपलं बाथरूम पाच बाय सहाचं, आठ फूट उंच, म्हणजे आतली सगळी हवा सात घनमीटरही नाही. हिशेब करा. दहा मिनिटांत गिझर त्यातली जवळपास पाव हवा वापरून टाकतो. दार बंद, थंडी वाजते म्हणून खिडकीला पुठ्ठा. हवेतला ऑक्सिजन कमी होत गेला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड तयार व्हायला लागतो.

त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं पित्त झालं, बीपी लो झालं. मग पायातलं त्राण जातं. समोर कडी दिसते, पण हात वर जात नाही.

कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय, त्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. अशा माणसाला ते लावलं तर ते 97-98 दाखवू शकतं. ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्त यातला फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. आकडा बघून "नॉर्मल आहे, झोपू द्या" म्हणू नका. दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, 108 लावा आणि दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा की गॅस गिझर चालू होता. हे सांगितलं नाही तर डॉक्टरही दुसऱ्याच वाटेने शोधत बसतात.

यात सर्व्हिसिंगचा संबंध काय, असं कोणी विचारेल. हवा नाही हा बांधकामाचा दोष झाला. संबंध आहे. गिझर नवा असताना ज्योत निळी असते. वर्ष-दोन वर्षांत बर्नरच्या भोकांत धूळ बसते, कोळी जाळं करतो, तांब्याच्या पत्र्यांत काजळी धरते, नळीत आपला लाडका क्षार साचतो. मग ज्योत पिवळी पडते. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळणं. म्हणजे खिडकी उघडी असलेल्या बाथरूममध्येही धोका, आणि बंद बाथरूममध्ये तर विचारूच नका. समोरच्या छोट्या काचेतून ज्योत दिसते. बघायला दोन सेकंद लागतात. आपल्या घरात ती काच शेवटची कोणी पुसली?

एक विषयांतर. माझ्या आजीच्या घरी तांब्याचा बंब होता. दर आठवड्याला चिंचेने घासला जायचा, नळी ठोकून काजळी पाडली जायची. आजी काही मेंटेनन्सचं शिकलेली नव्हती. बंब अंगणात होता, धूर डोळ्यांत जायचा, नळी तुंबली की पाणी तापायचं नाही आणि आजोबांची पूजा अडायची. वस्तूच ओरडून काम करून घ्यायची. आता वस्तू चकचकीत डब्यात गेली आणि गप्प झाली.

"मग गॅस गिझर बंदच करा" असं सांगणारे मेसेज फिरतात. मला ते पटत नाही. लोक हौसेने लावत नाहीत. लाईटचा भरवसा नाही, बिल परवडत नाही, भाड्याच्या खोलीतलं वायरिंग दोन किलोवॅटचा भार सोसत नाही. चार पोरं एका खोलीत राहतात, सकाळी सातला क्लास असतो, एकापाठोपाठ एक आंघोळी करायच्या असतात. त्यांना टाकीचा गिझर पुरत नाही. पण नेमकं हेच बाथरूम सर्वात धोक्याचं. पहिल्याने आंघोळ केली तेव्हा हवा ठीक होती. चौथा आत जातो तेव्हा आधीच्या तिघांची हवा तो घेत असतो. होळीच्या दुपारीही हेच होतं, रंग निघेपर्यंत गिझर चालूच असतो.

गिझर बाथरूमच्या बाहेर लावायचा, गॅलरीत किंवा धुण्याच्या जागेत, आणि फक्त गरम पाण्याचा पाईप आत आणायचा. चार-पाच फूट पाईपचा खर्च आहे. पुढचं सगळं यानंतरचं. बाहेर जागाच नसेल तर धूर बाहेर नेणारा पाईप हवा, वर उघडा झरोका हवा, दाराला खाली फट हवी. पाणी आधी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा, मग आंघोळ करा. सिलिंडर बाथरूममध्ये ठेवणाऱ्यांना तर मी काय सांगू.

आता मुद्द्याचं. हे करायचं कोणी?

घर स्वतःचं असेल तर प्रश्न नाही. बार्शीत शिकायला, दवाखान्यात कामाला, नोकरीला आलेली हजारो माणसं भाड्याने राहतात. भाडेकरार अकरा महिन्यांचा. घरमालक म्हणतो, वापर त्यांचा, दुरुस्ती त्यांची. भाडेकरू म्हणतो, वस्तू तुमची, मी सहा महिन्यांनी जाणार. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत. केंद्र सरकारने 2021 मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांना दिला, त्याच्या परिशिष्टात गिझरची दुरुस्ती भाडेकरूच्या यादीत टाकलीय. नळाचा वायसर बदलणं आणि गिझर दुरुस्त करणं एकाच यादीत! मला हे चुकीचं वाटतं. नळ गळाला तर पाणी वाया जातं. एकोणीस वर्षांच्या पोरीला आल्या दिवशी कसं कळणार की आधीच्या भाडेकरूने थर्मोस्टॅट डायरेक्ट करून ठेवलाय?

इंग्लंडमध्ये 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांनी हा वाद मिटवलाय. भाड्याने दिलेल्या घरातलं मालकाचं प्रत्येक गॅस उपकरण दरवर्षी नोंदणीकृत गॅस इंजिनिअरकडून तपासून घ्यायचं, ही जबाबदारी मालकाची. त्या तपासणीचा कागद 28 दिवसांत भाडेकरूच्या हातात आणि नवीन भाडेकरूला राहायला येण्याआधी. इथे कोणी म्हणेल, ते इंग्लंड आहे. बरोबर. पण कागद एकच आहे आणि तपासणी वर्षातून एकदाच. आपल्याकडे मोटरसायकलची पीयूसी काढतात तेवढंच काम.

घरमालकांची बाजू मी ऐकली. एक ज्येष्ठ मालक म्हणाले, "अहो, पोरं काय काय मोडून जातात, आम्ही कुठवर पुरे पडायचं? आणि पंधरा वर्षांत आमच्याकडे काही झालं नाही." त्यांची तक्रार खरी आहे, डिपॉझिटमधून कापून घ्या, कोणी अडवलंय? पण पंधरा वर्षांत काही झालं नाही याचा अर्थ गिझर चांगला आहे असा नाही. तो पंधरा वर्षांचा झालाय एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हिसिंगला गावात चारशे-पाचशे रुपये घेतात. एका खोलीचं महिन्याचं भाडं किती, ते मालकांनीच सांगावं.

दुसरी अडचण फिटर मंडळींची. गॅस गिझर बसवणाऱ्याला तू कुठे शिकलास असं आपल्याकडे कोणी विचारत नाही. चांगले आहेत, मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या दोघांचं ज्ञान ऐकून मी गार पडलो. पण ते वस्तादाच्या हाताखाली शिकलेले. बाकीचे मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकतात. आयटीआयच्या मदतीने दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि एक यादी, एवढं गावपातळीवर करता येईल. मुंबईच्या परवानगीची गरज नाही.

नगरपालिकेकडे पैसे नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून फुकटातलं सुचवतो. घंटागाडी रोज सकाळी दारात येते, तीच ती गाणी वाजवते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत त्यावर अर्ध्या मिनिटाची सूचना लावा. ज्योत पिवळी दिसली तर गिझर बंद करा, खिडकीचा पुठ्ठा काढा. मुलामुलींची वसतिगृहं आणि लॉज यांच्याकडून हंगामाआधी गिझर तपासल्याचं लेखी घ्या. नवीन बिल्डिंगला भोगवटा प्रमाणपत्र देताना बाथरूमचा झरोका नकाशात आहे तसा जागेवर आहे का, की त्याच्या डक्टवर कोणी पत्रा टाकलाय, हे वर चढून बघा. झरोका नियमात आहे, नव्याने काही लिहायचं नाही. गॅस एजन्सीवाल्यांनी सिलिंडर देताना गिझरची नळी कधीची आहे एवढं विचारलं तरी पुष्कळ. घरगुती गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते. गॅसचा वास आला तर 1906 हा नंबर चोवीस तास चालू असतो, तोही घंटागाडीवर लावता येईल.

आणि आपण. खंडेनवमीला आपण कोयता, पाना, शिलाई मशीन, गाडी सगळं पुसून हळदकुंकू लावतो. यंदा गिझरही त्यात घ्या, मी गंमत करत नाही. पण फिटरला चार दिवस आधी बोलवा. नवरात्रात त्यांच्याकडे काम कमी असतं, थंडी पडली की ते फोन उचलत नाहीत. टाकीचा असेल तर त्याच्यासमोर उभं राहून विचारा, थर्मोस्टॅट डायरेक्ट आहे का, व्हॉल्व्ह मोकळा आहे का, कॉइल आणि कांडी दाखव. गॅसचा असेल तर बर्नर उतरवून साफ करायला लावा आणि लावल्यावर ज्योत स्वतः बघा.

या सोमवारी सकाळी 11 वाजता नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांना वरच्या मागण्यांचं निवेदन द्यायचं ठरलंय. भाड्याने राहणाऱ्यांनी आपल्या बाथरूमच्या खिडकीचा आणि गिझरचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा, नाव-पत्ता गुप्त राहील, फोटो निवेदनाला जोडतो. रविवार संध्याकाळपर्यंत आले तर प्रिंट काढता येतील. घरमालकांनीही यावं, त्यांना जे म्हणायचंय ते तिथेच बोलता येईल. आणि ज्या दोन फिटरदादांचा वर उल्लेख केलाय त्यांनी यायचं कबूल केलंय, एक उघडलेला गिझर सोबत आणणार आहेत.